ड्राफ्टची वही आणि तिच्यातल्या चुका

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे संघ दरवर्षी नव्या खेळाडूंची क्रमाक्रमाने निवड करतात, तिला ड्राफ्ट म्हणतात. त्या ड्राफ्टच्या आदल्या रात्री दरवर्षी मी एका वहीत पहिल्या पाच खेळाडूंचा माझा क्रम लिहून ठेवतो आणि प्रत्येक नावापुढे दोन-तीन ओळींत त्याची कारणे देतो. नियम एकच आहे, लिहिलेले नंतर खोडायचे नाही. ही सवय २००७ साली लागली आणि पहिल्याच पानावर ठसठशीत अक्षरांत एक वाक्य आहे: ओडेन पहिला, ड्युरंट दुसरा, यात विचार करण्यासारखे काही नाही.

ते वाक्य आज वाचताना ओशाळायला होते, पण त्या वेळी बहुतेक जाणकारांचेही मत तेच होते. ग्रेग ओडेन हा सात फूट उंचीचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, होता. मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे हंगामाच्या सुरुवातीचे सामने हुकूनही त्याने ओहायो स्टेट या कॉलेज संघाला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते आणि फ्लोरिडाविरुद्धच्या त्या पराभवात स्वतः २५ गुण मिळवले होते. दुसरीकडे केव्हिन ड्युरंटने टेक्सास विद्यापीठाकडून सामन्यामागे सरासरी २५.८ गुण आणि ११.१ रिबाउंड (नेम हुकल्यावर ताब्यात घेतलेले चेंडू) अशी कामगिरी केली होती, मात्र ड्राफ्टपूर्व चाचणीत १८५ पौंडांचे, म्हणजे सुमारे ८४ किलोंचे, वजन बाकावर पडून त्याला एकदाही वर ढकलता आले नाही, आणि या एका गोष्टीची चर्चा त्याच्या सर्व गुणांपेक्षा जास्त झाली. पोर्टलंडने ओडेनला घेतले, सिॲटलने ड्युरंटला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ओडेनच्या उजव्या गुडघ्यावर मायक्रोफ्रॅक्चर नावाची शस्त्रक्रिया झाली, म्हणजे हाडाला बारीक छिद्रे पाडून तेथे नवी कूर्चा धरावी अशी व्यवस्था करण्यात आली, आणि त्याचा पहिला हंगाम पूर्ण बुडाला. पोर्टलंडकडून तो एकूण ८२ सामने खेळला. एका नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला येणाऱ्या सामन्यांची संख्याही नेमकी तेवढीच असते.

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो, परंतु पाळण्यात दिसलेले पाय पुढे गुडघ्यांसकट टिकतील की नाही, हे त्या म्हणीत कोठेच सांगितलेले नाही.

या प्रसंगातून मी जो धडा घेतला तो चुकीचा होता, आणि तो चुकीचा आहे हे कळायला मला बरीच वर्षे लागली. दुधाने तोंड पोळल्यावर मी ताकही फुंकून पिऊ लागलो आणि दुखापतीचा इतिहास असलेल्या कोणत्याही उंच खेळाडूचे नाव वहीत आपोआप खाली ढकलू लागलो. त्यात पोर्टलंडचाच १९८४ सालचा दाखला हाताशी होता. त्या वर्षी ह्यूस्टनने हकीम ओलाजुवॉनची निवड केल्यानंतर पोर्टलंडने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवीला घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर मायकेल जॉर्डन शिकागोकडे गेला. बोवीचे नडगीच्या हाडाच्या दुखण्यामुळे केंटकीतले दोन हंगाम वाया गेले होते, हे सर्वांना ठाऊक होते. पुढे पोर्टलंडकडूनही त्याला एकूण १३९ सामनेच खेळता आले. अनेक वर्षांनी त्याने स्वतःच सांगितले, की ड्राफ्टपूर्व तपासणीत डॉक्टर नडगीवर ठोकून पाहत असताना दुखत असूनही तो काही होत नाही असे म्हणाला होता. त्या मुलाला मी दोष देऊ शकत नाही. आयुष्याची कमाई ज्या एका उत्तरावर अवलंबून आहे, ते उत्तर त्याच्याच तोंडून मागणारी तपासणी मुळातच कच्ची म्हणावी लागेल.

मग २०१४ साल आले. जोएल एम्बीडच्या उजव्या पावलातील नॅव्हिक्युलर हाडाला ड्राफ्टच्या थोडेच दिवस आधी ताणामुळे भेग पडल्याचे निष्पन्न झाले. पावलाच्या मधोमध असलेल्या या लहानशा हाडाला रक्तपुरवठा कमी आणि भार मात्र प्रचंड असल्यामुळे ते सावकाश भरून येते, आणि सात फुटी माणसाच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर ठरते. शिवाय त्याच्या पाठीचे दुखणेही आधीपासून होते. माझ्या वहीत तो पाचांतही नव्हता. फिलाडेल्फियाने त्याला तिसऱ्या क्रमांकावर घेतले, पहिले दोन हंगाम तो एकही सामना खेळला नाही, तिसऱ्या हंगामात ३१ सामने खेळला, आणि २०२३ साली लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. त्यानंतरही त्याच्या दुखापती थांबलेल्या नाहीत. असे असले, तरी त्या निवडीला चूक म्हणणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

बोवी, ओडेन आणि एम्बीड यांच्या शरीरातला धोका साधारण एकाच जातीचा होता, मात्र त्या धोक्यासाठी मोजलेली किंमत वेगवेगळी होती, हे मी वहीत कधी लिहिलेच नव्हते. पोर्टलंडने दोन्ही वेळा पहिल्या दोन क्रमांकांतली निवड खर्च केली, आणि दोन्ही वेळा लगेच पुढचा खेळाडू बास्केटबॉलच्या इतिहासातील थोरांपैकी एक निघाला. फिलाडेल्फियाची परिस्थिती वेगळी होती. तळाच्या संघांना वरच्या निवडी मिळतात म्हणून तो संघ त्या काळात जाणूनबुजून हरत होता, त्याला जिंकण्याची घाई नव्हती, दोन वर्षे थांबण्याची त्याची तयारी होती आणि त्या हंगामातील सर्वांत मोठी कुवत असलेला खेळाडू केवळ पावलामुळे तिसऱ्या क्रमांकापर्यंत घसरून आला होता. एकाच खेळाडूची जोखीम एका संघासाठी वेडेपणाची आणि दुसऱ्यासाठी शहाणपणाची असू शकते, हे लक्षात आल्यापासून मी प्रत्येक नावाशेजारी क्रमांकाबरोबर निवड करणाऱ्या संघाचेही नाव लिहू लागलो.

झायन विल्यमसनचे पान या दृष्टीने मला अजूनही सोडवता आलेले नाही. ड्यूककडून खेळताना फेब्रुवारी २०१९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध त्याचा बूट फाटला आणि तो सामना त्याच्यापुरता अर्ध्या मिनिटात संपला, तेव्हा सारे जग त्या बुटाबद्दल बोलत होते. बोलायला हवे होते ते सुमारे १३० किलोंचे वजन घेऊन एवढ्या उंच उड्या मारणाऱ्या शरीराच्या सांध्यांबद्दल. न्यू ऑर्लिन्सने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्या सहा हंगामांत मिळून तो २१४ सामने खेळला. त्यांपैकी एक संपूर्ण हंगाम पावलाच्या अस्थिभंगामुळे गेला. पण ज्या २०२०-२१ च्या हंगामात तो ६१ सामने खेळला, त्यात त्याने ६१ टक्क्यांहून अधिक वेळा नेम साधत सरासरी २७ गुण मिळवले. एवढी गुणवत्ता समोर असताना पहिल्या क्रमांकाच्या संघाने दुसरे नाव घ्यायला हवे होते का? जा मोरँट दुसऱ्या क्रमांकावर उपलब्ध होता, हे खरे. तरीही त्या रात्री माझ्या हाती निर्णय असता, तर मी झायनचेच नाव घेतले असते आणि आजही ते मत बदलायला मला पुरेसे कारण दिसत नाही. निकाल वाईट लागला म्हणून निर्णयही वाईट होता, असे मानण्याची सवय ड्राफ्टच्या चर्चेत इतकी मुरलेली आहे, की तिच्यापासून दूर राहायचे तर प्रयत्न करावा लागतो.

शरीरानंतर आकड्यांकडे वळतो, कारण माझी सर्वांत मोठी फसगत तेथे झाली.

कॉलेजमधला एक हंगाम साधारण तीस-पस्तीस सामन्यांचा असतो. या काळात एखादा गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा खेळाडू, लांबच्या रेषेबाहेरून बास्केटवर तीन गुणांचे समजा १२० प्रयत्न करतो. ४० टक्के नेम असलेल्या खेळाडूला आपण निष्णात नेमबाज म्हणतो आणि ३५ टक्केवाल्याला बेताचा समजतो. पण १२० प्रयत्नांत या दोघांमधला फरक अवघ्या सहा चेंडूंचा असतो. कड्यावर आदळून आत पडलेले सहा चेंडू आणि बाहेर पडलेले सहा चेंडू, एवढ्यावर लक्षावधी डॉलर इकडचे तिकडे होतात. म्हणूनच बहुतेक विश्लेषक फ्री थ्रोच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या प्रयत्नांच्या, टक्केवारीकडे अधिक विश्वासाने पाहतात. तेथे अंतर ठरलेले असते, समोर बचाव करणारा कोणी नसतो, घाई नसते, आणि हाताची मूळ घडण जशी असेल तशी दिसते. एखाद्याचा लांबचा नेम चांगला आणि फ्री थ्रो वाईट असेल, तर पुढे बहुधा फ्री थ्रोच खरा ठरतो.

ही गोष्ट मला २०१७ साली ऐकून माहीत होती, तरी मी ती वापरली नाही. मार्केल फुल्ट्झने वॉशिंग्टन विद्यापीठाकडून २५ सामन्यांत सरासरी २३.२ गुण मिळवले होते आणि तीन गुणांच्या रेषेबाहेरून त्याचा नेम ४१.३ टक्के होता. फ्री थ्रो मात्र ६४.९ टक्के. ड्यूकच्या जेसन टेटमचे चित्र याच्या अगदी उलट होते, कारण लांबून ३४.२ टक्के असलेला त्याचा नेम फ्री थ्रोच्या रेषेवर ८४.९ टक्के होता. फुल्ट्झ असूनही वॉशिंग्टनने त्या हंगामात केवळ ९ सामने जिंकले आणि २२ गमावले, याकडेही मी त्याचे सहकारी कच्चे आहेत असे म्हणून दुर्लक्ष केले. फिलाडेल्फियाने बॉस्टनला आपली तिसरी निवड आणि शिवाय भविष्यातील पहिल्या फेरीची एक निवड देऊन पहिला क्रमांक मिळवला आणि फुल्ट्झला घेतले. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर टेटमला घेतले आणि पुढे २०२४ साली त्याच्यासह अजिंक्यपद जिंकले. वहीत मी लिहिले होते की बॉस्टनने हातचे घालवले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. फुल्ट्झचा नेम बिघडला तो केवळ मुळात कच्चा होता म्हणून, असे म्हणता येणार नाही. पहिल्या हंगामात तो १४ सामनेच खेळला, चेंडू फेकताना त्याचा हात मध्येच अडखळू लागला, आणि डिसेंबर २०१८ मध्ये मान व खांद्याच्या मधल्या नसा दाबल्या जाण्याचा विकार त्याला असल्याचे निदान झाले. त्यामुळे फ्री थ्रोच्या आकड्याने सारे भाकीत केले होते, असा दावा करणारे लोक घटना घडून गेल्यावर शहाणे झालेले आहेत. माझे म्हणणे एवढेच, की तो आकडा समोर असताना फुल्ट्झ आणि टेटम यांच्यात मी मानत होतो तेवढे अंतर नव्हते, आणि एवढ्याशा अंतरासाठी आणखी एक निवड देऊन टाकणे महागाचे होते.

आता त्या शब्दाकडे येतो, ज्याने या सगळ्या चर्चेत सर्वाधिक गोंधळ माजवला आहे. क्षमता, अर्थात पोटेन्शियल. माझ्या वहीत पहिल्या दहा वर्षांत हा शब्द जेथे जेथे आला आहे, तेथे मी ती पाने परत वाचली, तेव्हा असे दिसले की तो शब्द मी जवळजवळ नेहमी शरीरासाठी वापरला होता. लांब हात, उंच उडी, वेगवान पहिले पाऊल. ज्याला हे नाही, त्याच्या नावापुढे मी तयार खेळाडू किंवा मर्यादित वाढ असे काहीतरी लिहून मोकळा होत असे. २००९ साली मिनेसोटाने पाचव्या आणि सहाव्या क्रमांकांवर रिकी रुबियो आणि जॉनी फ्लिन असे लागोपाठ दोन पॉइंट गार्ड घेतले आणि सातव्या क्रमांकावर स्टीफन करी गोल्डन स्टेटकडे गेला. डेव्हिडसनसारख्या लहान कॉलेजमधून आलेल्या त्या किरकोळ देहाच्या मुलाने आदल्या वर्षी एका हंगामात १६२ वेळा तीन गुणांचा नेम साधून कॉलेज पातळीवरचा विक्रम केला होता. हा विक्रम आम्हा सर्वांना माहीत होता आणि तरीही आम्ही त्याला क्षमता म्हटले नाही. नेमबाजी हा आम्हाला एक वेगळा, जोडीचा गुण वाटत असे.

लुका डॉन्चिचच्या बाबतीत तर हा आंधळेपणा कळस गाठतो. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, २०१८ मध्ये, तो रिआल माद्रिदकडून युरोलीग जिंकला होता आणि त्या स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही ठरला होता. हे त्याने प्रौढ व्यावसायिकांशी खेळून मिळवले होते, कॉलेजच्या मुलांशी खेळून नव्हे. तरीही फिनिक्सने डिआंड्रे एटन आणि सॅक्रामेंटोने मार्विन बॅगली यांना त्याच्या आधी घेतले आणि अटलांटाने तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला डॉन्चिच डॅलसला देऊन ट्रे यंग आणि भविष्यातील एक निवड पदरात पाडून घेतली. माझ्या वहीत तो दुसरा होता आणि पुढे लिहिले होते: पाय मंद, बचावात त्रास होईल. पाय खरोखरच मंद होते आणि बचावात त्रासही झाला. मी दोष बरोबर पाहिला आणि त्याचे वजन साफ चुकीचे केले.

डेन्व्हरच्या निकोला योकिचविषयी काय बोलावे? २०१४ साली ४१ व्या क्रमांकावर त्याचे नाव जाहीर झाले, तेव्हा दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती. तीनदा लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू झालेल्या माणसाबद्दल मी वहीत एक शब्दही लिहिलेला नाही, आणि या एका बाबतीत मी इतरांपेक्षा अधिक चुकलो असे वाटून घेण्याचे कारण नाही.

मात्र या उदाहरणांवरून शरीराला महत्त्वच नाही असा निष्कर्ष काढणे हा दुसऱ्या टोकाचा मूर्खपणा ठरेल, कारण यानिस आंतेतोकूंपो डोळ्यांसमोर आहे. ग्रीसच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळणाऱ्या या मुलाला मिलवॉकीने २०१३ साली पंधराव्या क्रमांकावर घेतले. क्लीव्हलंडने त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या अँथनी बेनेटची एनबीएमधील कारकीर्द १५१ सामन्यांत आटोपली. यानिसची पहिल्या हंगामातली सरासरी ६.८ गुणांची होती, ड्राफ्टनंतरही त्याची उंची वाढत राहिली, आणि २०१९ व २०२० असे दोनदा सर्वोत्कृष्ट ठरल्यावर २०२१ च्या अजिंक्यपदाच्या निर्णायक सामन्यात त्याने ५० गुण मिळवले. यातली माझ्या मते सर्वांत बोलकी गोष्ट अशी, की त्याचा लांबचा नेम कधीच सुधारला नाही. तो दोष दुरुस्त होईल की नाही यावर सारे विश्लेषण अडून बसले होते आणि त्याने मात्र त्या दोषाला वळसा घालून जाण्याचा रस्ता शोधला.

कवाय लेनर्डची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. सॅन डिएगो स्टेटमध्ये त्याचा लांबचा नेम ३० टक्क्यांच्याही खाली होता आणि २०११ साली तोही पंधराव्या क्रमांकावरच गेला. सॅन अँटोनियोने जॉर्ज हिल हा चांगला चालणारा गार्ड इंडियानाला देऊन त्याला मिळवले, त्यांच्या नेमबाजीच्या प्रशिक्षकाने त्याच्या हाताची ठेवण बदलली, आणि पहिल्याच हंगामात ती टक्केवारी ३७ च्या वर गेली. हाच खेळाडू दुसऱ्या एखाद्या संघात गेला असता तर काय झाले असते, याचे उत्तर कोणाकडेच नाही. पण दोषाची दुरुस्ती खेळाडूइतकीच ती करणाऱ्यावरही अवलंबून असते, हे त्यातून स्पष्ट होते.

आता मी दोषाकडे पाहताना स्वतःला विचारतो, की हा दोष सरावाच्या मैदानावरचा आहे की सामन्यातल्या त्या अर्ध्या सेकंदाचा? हाताची ठेवण, ताकद, पदलालित्य, डाव्या हाताने चेंडू हाताळणे, या गोष्टी एकट्याने हजार वेळा करून सुधारता येतात. दोन बचावपटू अंगावर आले असताना मोकळा सहकारी कोणत्या कोपऱ्यात उभा आहे हे दिसणे, किंवा प्रतिस्पर्ध्याचा पास सुटण्याच्या आधीच तो कोठे जाणार हे ओळखणे, या गोष्टी सुधारतात, पण फार सावकाश आणि पुष्कळदा अर्ध्यावरच थांबतात. ही नजर अठराव्या वर्षी असेल, तर माझ्या लेखी तीच क्षमता, मग उडी कितीही उंच असो.

संघाच्या गरजेविषयी फार लिहीत नाही, कारण त्यात माझे मत जवळजवळ ठाम झालेले आहे. १९८४ साली पोर्टलंडकडे क्लाइड ड्रेक्सलर होता, त्यामुळे जॉर्डनची गरज नव्हती आणि सेंटरची होती. २००३ साली डेट्रॉइटकडे टेशॉन प्रिन्स होता, म्हणून कार्मेलो अँथनी नको होता, आणि त्यांनी दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिचला घेतले. त्याच्यामागोमाग अँथनी, ख्रिस बॉश आणि ड्वेन वेड गेले. डेट्रॉइटने लगेच २००४ साली अजिंक्यपद जिंकले, त्यामुळे ती चूक काही काळ झाकली गेली. शिवाय अनुभवी, जिंकणाऱ्या संघात त्या अठरा वर्षांच्या मुलाला मैदानावर वेळच मिळाला नाही, हाही अन्यायच म्हणायचा. संघाची गरज दर दोन वर्षांनी बदलते. हातचा गेलेला असामान्य खेळाडू पुढची पंधरा वर्षे समोरच्या संघातून खेळत राहतो.

किमतीचा विचार करताना आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो, त्यातील पहिली दोन वर्षे पक्की आणि पुढची दोन संघाच्या मर्जीवर, आणि वेतन निवडीच्या क्रमांकानुसार जवळजवळ ठरलेले. म्हणजे चुकीच्या निवडीत पैसा फारसा बुडत नाही, बुडते ती संधी. ती संधीही पूर्णपणे कमावलेली नसते. निवडीचे वरचे क्रमांक सोडतीने ठरतात, आणि २०१९ साली लागू झालेल्या नियमांत सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्केच शक्यता ठेवली होती. २०२५ साली अवघे १७ सामने जिंकलेला युटा पाचव्या क्रमांकावर घसरला आणि केवळ १.८ टक्के शक्यता असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक लागला, तोही डॉन्चिचला लॉस एंजेलिसला देऊन टाकल्यानंतर तीनच महिन्यांत. चौदा चेंडूंच्या यंत्रातून निघालेल्या चार चेंडूंनी डॅलसचे पाप धुऊन काढले, असे मी त्या दिवशी वहीच्या समासात लिहिले आहे.

त्या २०२५ च्या पानावर पहिले नाव अर्थातच कूपर फ्लॅगचे आहे. डिसेंबर २००६ चा जन्म, म्हणजे ड्राफ्टच्या दिवशी वय अठरा, आणि ड्यूककडून सरासरी १९.२ गुण, ७.५ रिबाउंड व ४.२ असिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास. त्याचा कोणताही एक गुण काढून घेतला तरी उरलेल्या गुणांवर तो संघात टिकेल, ही माझ्या दृष्टीने त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. धोका इतकाच, की तो अजिंक्य संघातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होण्याऐवजी दुसऱ्या क्रमांकाचा होईल, आणि असा धोका कोणत्याही संघाने आनंदाने पत्करावा. दुसरा डिलन हार्पर. सॅन अँटोनियोकडे डिॲरन फॉक्स आणि स्टेफॉन कॅसल असे दोन गार्ड असतानाही त्यांनी तिसरा गार्ड घेतला, याचे मला विशेष कौतुक वाटले. पोर्टलंडने १९८४ साली जे करायला हवे होते, ते हेच.

तिसऱ्या क्रमांकावर मी कॉन कनिपलचे नाव लिहिले होते. प्रत्यक्षात फिलाडेल्फियाने तेथे बहामाच्या व्ही. जे. एजकॉम्बला घेतले आणि कनिपल चौथ्या क्रमांकावर शार्लटकडे गेला. एजकॉम्बची उडी आणि वेग पाहून जुना मी त्यालाच तिसरे ठेवले असते. पण कनिपलचा लांबचा नेम ४०.६ टक्के आणि फ्री थ्रो ९१.४ टक्के होता, म्हणजे दोन्ही साक्षीदार एकच साक्ष देत होते, आणि फुल्ट्झच्या पानानंतर अशा जुळणाऱ्या साक्षीला मी फार मान देतो. एजकॉम्बचे नाव चौथे आहे आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह आहे. ते प्रश्नचिन्ह त्याच्यापेक्षा माझ्या अंदाजासाठी अधिक आहे.

पाचवे नाव एस बेलीचे. या पानावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. रटगर्सच्या यादीत त्याची उंची ६ फूट १० इंच होती, चाचणीत अनवाणी मोजल्यावर ती सुमारे ६ फूट साडेसात इंच भरली. हार्पर आणि तो एकाच संघात असूनही रटगर्सने १५ सामने जिंकले आणि १७ गमावले. सरासरी १७.६ गुण, असिस्ट १.३, फ्री थ्रो ६९ टक्क्यांच्या आसपास. ड्राफ्टपूर्वी संघांकडे जाऊन खासगी चाचण्या देण्याचेही त्याने टाळले, आणि त्यावरून त्याच्या स्वभावाविषयी जे काही बोलले गेले, त्यातले मी काहीच वहीत घेतलेले नाही, कारण अठरा वर्षांच्या मुलाच्या सल्लागारांनी ठरवलेल्या डावपेचांना त्याचा स्वभाव म्हणणे मला पटत नाही. मला खटकला तो १.३ हा आकडा. हात अंगावर आलेले असताना, तोल गेलेला असताना त्याने टाकलेले काही चेंडू इतके सुंदर आहेत की ते पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटतात, आणि त्यांतल्या निम्म्या वेळी कोपऱ्यात एक सहकारी हात वर करून मोकळा उभा असतो. त्याला तो दिसत नाही, की दिसूनही तो देत नाही? पहिले असेल तर मी त्याला पाचवाही ठेवायला नको होता. दुसरे असेल, तर युटासारख्या घाई नसलेल्या संघात तीन वर्षांत हा मुलगा मला पुन्हा एकदा खोटे पाडू शकतो.

त्याच्या नावाखाली मी चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत.